चार झाकणं प्रकृतिस्वास्थ्यासाठी

पनवेलला थंडी पडते ती वर्षातून साधारण चार दिवस, आणि ते चार दिवस कुठले हे तिचं तिलाही माहीत नसतं. ती आली की करंजाड्यातली माणसं डांबरगोळ्यांच्या वासाचे स्वेटर घालून सोसायटीच्या गेटपाशी जमतात आणि एकमेकांना मोबाइल दाखवतात. सतरा अंश म्हणजे 'आज जरा हवा सुटलीय.' सोळा म्हणजे थेट 'महाबळेश्वर झालंय हो.' पंधरा अंश कुणीच पाहिलेले नाहीत. एका वर्षी पाहिल्याचा दावा समोरच्या फ्लॅटमधल्या दमयंतीकाकू करतात, पण त्या दिवशी त्यांचा मोबाइल चुकून भाजीबरोबर फ्रीजमध्ये गेला होता.

तर त्या गुरुवारी निनादच्या मोबाइलवर सोळा आले, आणि शनिवारी संध्याकाळी घरी गरम कॉफी कॉकटेल करायचं असं त्याने जाहीर केलं.

हा निर्णय दिसतो तितका चैनीचा नव्हता. निनादला दारूचा अनुभव होता तो कॉलेजच्या सहलीतल्या अर्ध्या ग्लास बिअरचा, आणि त्यातलीही निम्मी सांडलेली. पण त्याने एक व्हिडिओ पाहिला होता. लाकडी घर, बाहेर बर्फ, आत शेकोटी, शेकोटीपुढे एक दाढीवाला इसम. तो गरम कॉफीत रम ओतत होता, वर घट्ट साय सोडत होता आणि सांगत होता की हे पेय थंडीच्या संध्याकाळी माणसांची मनं मोकळी करतं. निनादने ते वाक्य तीनदा मागे नेऊन ऐकलं. त्याला शेकोटी नको होती, बर्फ नको होता. त्याला एकच मन मोकळं करून हवं होतं, आणि ते त्या वेळी त्याच्याच हॉलमध्ये, त्याच्याच सोफ्यावर, माकडटोपी घालून बसलं होतं.

ते मन सासऱ्यांचं होतं. कमळाकरअप्पा. बार्शीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेले. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत अप्पा जावयाशी एक वाक्यही थेट बोलले नव्हते. भांडण नव्हतं, मानापमान नव्हता. फक्त सगळा व्यवहार आभामार्फत चालायचा. "आभा, निनादरावांना विचार, पंखा लावला तर चालेल का." निनादराव पंख्याच्या बरोबर खाली बसलेले. "चालेल," निनादराव म्हणायचे. "चालेल म्हणतात," आभा सांगायची. मग अप्पा पंखा लावायचे. आभा घरात नसली की अप्पा वस्तूंशी बोलत. "पाणी संपलेलं दिसतंय," असं ते फिल्टरला सांगत, आणि निनादने फिल्टरच्या वतीने पाणी भरायचं.

इथवर ठीक होतं. पण येत्या सोमवारी आभा ऑफिसच्या कामासाठी सहा आठवडे बेंगळुरूला निघणार होती आणि बुधवारी अप्पांचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी त्यानंतर दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायला सांगितले होते. 'वर बघा' हे निनादने कुणामार्फत सांगायचं? फिल्टरमार्फत?

"फोन करत जा मला," आभा म्हणाली. "मी स्पीकरवरून सांगीन, अप्पा वर बघा."

"दिवसातून चार वेळा?"

"मग तू त्यांच्याशी बोल ना एकदा! मी काय आयुष्यभर तुमच्या मधे टपाल वाटत बसू?"

अप्पांना जगात एकाच गोष्टीचं वेड होतं. कॉफी. दुधाची, गोड, जायफळ घातलेली, आणि थंडीत दिवसातून तीन वेळा. निनादने हिशेब मांडला: कॉफी त्यांच्या बाजूची, मनं मोकळी करणारा पदार्थ आपल्या बाजूचा, आणि दोन्ही एकाच मगात.

अशा बाबतीत अनुभवी माणसाचा सल्ला घ्यावा म्हणून तो खालच्या मजल्यावर महादेव पाटलांकडे गेला. ज्या जमिनीवर ही इमारत उभी आहे ती एके काळी महादेवच्या आजोबांची भातखाचरं होती. आता महादेव स्वतः बिल्डर आहे आणि सोसायटीत पाण्यापासून पत्रिकेपर्यंत कुठल्याही विषयावर शेवटचा शब्द त्याचा असतो.

"कॉफीन दारू?" महादेव म्हणाला. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला, यावरून प्रकरण गंभीर आहे हे निनादला कळलं. "निनादभाऊ, कॉफी घेतली का मानूस जागा होते, दारू घेतली का झोपते. दोनी एकदम घेतल्यावर त्या मानसाने करायचा काय?"

"बोलायचं," निनाद म्हणाला. "सासरे माझ्याशी बोलत नाहीत."

महादेवने आता टीव्हीच बंद केला. "आन तुमाला तो बोलायला हवाय? माझा सासरा रोज बोलते. सकाली सात वाजता फोन करते. बदली करू या का?"

आतून त्याची आई, हौसाआजी, बाहेर आली आणि तिने निनादच्या हातात एक बाटली ठेवली. "आगळ हाय. औंदाचा. बायकोला दे. सर्दी-पित्तावर चांगला." आता हौसाआजीचं कोकमाचं आगळ म्हणजे काळंभोर, खारट आणि आंबट इतकं, की नुसतं नाव काढलं तरी कानशिलं दुखावीत. पण इथे मुद्दा आगळाचा नसून बाटलीचा आहे. ती रमची होती. घरात कुणाची हळद झाली आणि रात्रभर दारू वाहिली की हौसाआजी मागे राहिलेल्या सगळ्या बाटल्या गरम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, लेबलं खरवडून ठेवते आणि वर्षभर त्यांतून आगळ, मध, खोबरेल असं काय काय अख्ख्या सोसायटीला वाटते. त्यामुळे निनादच्या स्वयंपाकघरात, जिथे दारूचा थेंब कधी आला नव्हता, फळीवर दारूच्या सात बाटल्या होत्या. व्हिस्कीत मध. जिनमध्ये गुलाबपाणी. आठवी, व्होडकाची लांबट, फिनेलची, ती मात्र खाली, मोरीपाशी. आणि अशी घरं आपल्याकडे किती असतील याची पाहणी कुणी केलेली नाही, पण केली तर परदेशी पाहुणे घाबरतील.

गुरुवारी रात्री जेवताना आभाने विषय काढला. "अप्पा, शनिवारी निनाद कॉफी करणार आहे. जरा वेगळी. तीत थोडी, म्हणजे अगदी औषधाला, रम असते."

अप्पांचा घास हातात थांबला. इथे सांगितलं पाहिजे की अप्पा ज्या खात्यातून निवृत्त झाले त्या खात्याचं काम दारू पिण्याचे परवाने देणं हे होतं. एकतीस वर्षं त्यांनी परवाने दिले आणि स्वतः थेंबाला शिवले नाहीत.

"आभा," अप्पा शेवटी म्हणाले, "निनादरावांना विचार, परवाना आहे का."

"नाहीये," निनाद म्हणाला.

"नाहीये म्हणतो."

"मग अर्ज करायला सांग. रीतसर. मी आधी नजरेखालून घालीन. उद्या सकाळी साडेदहाला."

शुक्रवारी सकाळी साडेदहाला निनाद हॉलमध्ये आला तेव्हा डायनिंग टेबलाचं कार्यालय झालेलं होतं. एका कडेला लोणच्याच्या बरणीवर 'आवक' अशी चिठ्ठी, दुसऱ्या कडेला मिठाच्या डब्यावर 'जावक'. मधे अप्पा, इस्त्रीचा शर्ट, माकडटोपी, समोर लाल पेन. निनादने अर्ज पुढे केला. अप्पांनी मान वर न करता बरणीकडे बोट दाखवलं. निनादने अर्ज बरणीखाली ठेवला. अप्पांनी तो तिथून लगेच उचलला, वाचला, लाल पेनाने काही लिहिलं आणि मिठाच्या डब्याखाली सरकवला.

शेरा असा होता: 'अर्जदार सदर पत्त्यावर राहतो याचा पुरावा जोडलेला नाही. सबब परत.'

"अप्पा, मी इथेच राहतो. हे माझंच घर आहे. तुम्ही माझ्या टेबलावर—"

अप्पांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते भिंतीला म्हणाले, "कार्यालयात मोठ्याने बोलू नये."

निनादने विजेचं बिल जोडलं. शेरा: 'छायाचित्रात अर्जदार हसत आहे. सबब परत.' त्याने न हसणारा फोटो जोडला, आणि त्या क्षणी त्याला तसा फोटो काढायला फार प्रयास पडले नाहीत. दीड वाजता अप्पांनी टेबलावर 'जेवणाची सुट्टी' अशी चिठ्ठी ठेवली आणि त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत बसून वरणभात जेवले. निनाद समोर बसून जेवला. पण मधे कामाचा विषय काढायची सोय नव्हती, कारण साहेब जेवायला गेले होते. निनाद द्रोणागिरीला एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात काम करतो. अख्ख्या जहाजांचे कागद तो एका दुपारी मोकळे करतो. त्या दिवशी त्याने खास रजा टाकली होती आणि मिठाच्या डब्यापुढे त्याचं काही चालत नव्हतं.

आभा मात्र लंच टाइमला फोनवर ऐकून हरखली. "अरे, चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुला काहीतरी लिहिलं! जपून ठेव तो कागद."

चार वाजता अर्ज मंजूर झाला. 'कारण' या रकान्यापुढे अप्पांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात भर घातली: 'प्रकृतिस्वास्थ्यासाठी.' मग ते जरा घुटमळले. पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं. खिशातून घडी घातलेला आणखी एक कागद काढला आणि स्वतःच 'आवक'खाली ठेवला.

तो अप्पांचाच अर्ज होता.

संध्याकाळी आभा आली तेव्हा कार्यालय ठप्प झालेलं होतं. अप्पा अर्जाकडे पाहत बसले होते, निनाद अप्पांकडे.

"काय झालं?"

"स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही," अप्पा म्हणाले. "हितसंबंध येतात. म्हणून तर एकतीस वर्षं राहिलं. वरिष्ठांपुढे ठेवायचा, तर ते म्हणाले असते, कमळाकर, तू सुद्धा?"

आभाने पर्स ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मी आजपासून प्रभारी अधिकारी." अप्पा झटकन उठून उभे राहिले. तिने अर्ज वाचला, फोटो पाहिला ('अर्जदार रडवेला दिसतो, पण चालेल') आणि काजळाच्या पेन्सिलीने सही ठोकली. अप्पांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

शनिवारी सकाळी खरे परवाने मोबाइलवर निघाले. दोन, एकेका दिवसाचे. निनादने माहिती भरली आणि चहा निवायच्या आत काम झालं. अप्पांना ते अजिबात रुचलं नाही. "एकही त्रुटी नाही?" त्यांनी आभाला विचारलं. "मग माणसाला आपण काही मिळवलं असं वाटणार कसं?"

अकरा वाजता निनाद स्कूटरवरून दुकानात गेला. दुकानदाराने काहीच विचारलं नाही, तरी निनादने त्याला परवाना दाखवला, मग अप्पांचाही दाखवला आणि वर 'सासऱ्यांसाठी आहे' असंही सांगितलं. रांगेतल्या मागच्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळे असंच सांगतात, भाऊ."

रमची बाटली घरी आणल्यावर प्रश्न आला, ठेवायची कुठे. दमयंतीकाकू दिवसातून पाच वेळा काहीबाही मागायला स्वयंपाकघरात थेट शिरतात आणि त्यांच्या तोंडात गेलेली बातमी लिफ्टच्या आधी तळमजल्यावर पोचते. निनादने बाटली कोमट पाण्यात बुडवून लेबल खरवडलं. सील उघडून वास घेतला. वास आला नाही, कारण शुक्रवारी रात्री खरंच किती थंडी आहे हे पाहायला तो बनियनवर अर्धा तास गॅलरीत उभा राहिला होता आणि आता त्याच्या नाकात सिमेंट भरलं होतं. मग त्याने बाटली सातजणींच्या रांगेत उभी केली. डावीकडून तिसरी. शेजारी चौथी, हौसाआजीचं आगळ. तशीच बुटकी, तशीच चौकोनी, आतला ऐवज तसाच काळा. रम लपवायला रमच्या बाटलीइतकी सुरक्षित जागा आपल्याकडे नाही, असं त्याला वाटलं, आणि स्वतःच्या हुशारीने त्याला जरा गहिवरूनही आलं.

दुपारी चारला तो साय आणि जायफळ आणायला बाहेर गेला. आभा समोर दमयंतीकाकूंकडे गेली होती. त्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, चाळीस बायका यायच्या होत्या. घरात अप्पा एकटे होते. त्या वेळात नेमकं काय झालं हे निनादला त्या क्षणी माहीत नव्हतं आणि अप्पांना तर आणखीनच नव्हतं. दमयंतीकाकू आल्या, म्हणाल्या, "अहो, समया नि ताम्हण घासायचंय, हौसाआजीचं आगळ असेल ना? पितळ काय लख्ख होतं!" अप्पा देशावरचे. त्यांच्याकडे आंबट म्हणजे चिंच. त्यांनी डाव्या, म्हणजे बरा असलेल्या, डोळ्याने फळीवर पाहिलं, एक काळी बुटकी बाटली दिसली, ती त्यांनी सौजन्याने काकूंच्या हातात दिली आणि उरलेल्या बाटल्या सारख्या अंतरावर नीट लावून ठेवल्या. एकतीस वर्षांची सवय.

साडेसहाला सूर्य बुडाला. सतरा अंश. निनादने गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या, शाली ठेवल्या. व्हिडिओत 'चाळीस मिली' म्हटलं होतं; घरात माप नव्हतं, पण खोकल्याच्या औषधाचं झाकण होतं, दहा मिलीची खूण असलेलं. दर मगाला चार झाकणं. डावीकडून तिसरी बाटली. दुधाची कॉफी, गूळ, जायफळ, वरून रवीने घुसळलेली साय.

कॉफी जरा फाटली. बारीक दाणे वर आले.

"आभा—" अप्पा सवयीने म्हणाले, मग आभा नाही हे आठवून गॅलरीच्या कठड्याला म्हणाले, "हे दाणे कसले असतात?"

"टेक्स्चर असतं त्याला," निनाद म्हणाला. व्हिडिओत तो शब्द तीनदा आला होता.

दोघांनी आपापले मग उचलले. अप्पांनी एक क्षण डोळे मिटले. एकतीस वर्षं आणि वर निवृत्तीची आठ. घोट घेतला.

त्यांचा चेहरा आधी लहान झाला, मग मोठा झाला. माकडटोपी आपोआप दोन बोटं वर सरकली. निनादच्या डोळ्यांतून पाणी आलं. जिभेवर मीठ, आंबट, गूळ, जायफळ आणि कॉफी या पाचजणांची मारामारी चालली होती आणि नाक बंद असल्याने साक्षीदार कुणी नव्हता. पण तो काही बोलला नाही, कारण सासऱ्यासमोर आपण रम कधी चाखलेली नाही हे कबूल कसं करायचं? आणि अप्पा बोलले नाहीत, कारण जावयासमोर आपण, इतक्या परवान्यांचे धनी, तेच कसं कबूल करायचं?

"कडक आहे," अप्पा कठड्याला म्हणाले.

"मुरलेली आहे," निनाद म्हणाला.

"एकतीस वर्षं," अप्पा म्हणाले, "लोक यासाठी रांगेत उभे राहायचे. मला वाटायचं, असेल बुवा काहीतरी. हे असं असेल असं नव्हतं वाटलं."

"सवयीने आवडतं म्हणतात."

"माणूस किती सोसतो." अप्पांनी दुसरा घोट घेतला. "कानशिलं गरम झाली. दात आंबले."

"चढतेय, अप्पा."

"चढतेय?" अप्पांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की ते कुठल्याही छायाचित्रात सबब परत झालं असतं. "मला चढतेय! निनादराव, मला चढतेय!"

कठड्याला नाही. फिल्टरला नाही. निनादराव.

त्यानंतर जी संध्याकाळ झाली तिचं वर्णन करताना हे लक्षात ठेवलं पाहिजे की दोन्ही इसमांच्या पोटात कोकम, मीठ आणि फाटलेलं दूध याशिवाय काही नव्हतं. अप्पांनी एका पायावर उभं राहून दाखवलं. पडले नाहीत, म्हणून पुन्हा उभे राहिले आणि या वेळी खास पडून दाखवलं, खुर्चीत. निनादने गोदामातल्या साहेबाची नक्कल केली. अप्पांनी एका अर्जदाराची गोष्ट सांगितली, ज्याने 'व्यवसाय' या रकान्यात 'सध्या विचार चालू आहे' असं लिहिलं होतं. दोघं इतके हसले की खालून महादेवने विचारलं, "काय लागला तुमाला, निनादभाऊ?"

"सासरे बोलतायत!" निनाद ओरडला.

"जपून र्‍हा!" खालून आवाज आला.

तिसऱ्या घोटाला निनादने धीर केला. "अप्पा, मी काय चुकलो होतो? चार वर्षं तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. लग्नात काही राहिलं का? मोदक कमी पडले होते, ते माहितेय मला."

अप्पांनी शाल सारखी केली. "चुकलात? छे. लग्नाच्या दिवशी मला तुमच्याशी काय बोलावं सुचलं नाही. म्हटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल बोललो नाही, आज एकदम बोललो तर यांना काय वाटेल. महिना गेला. मग वर्ष. प्रकरण मुदतबाह्य झालं." ते मगात पाहत राहिले. "मला आभाच्या आईसारखं बोलता येत नाही. ऑफिसात बरं असायचं. माणूस समोर आला की रकाने असत. नाव, पत्ता, कारण. परवाना मिळाला की तो हात मिळवून जायचा. कुठे जायचा, कुणाबरोबर बसायचा, काय बोलायचा, ते मला कधी कळलंच नाही."

निनादने खुर्चीशेजारची बाटली उचलली. त्याने अप्पांच्या मगात आणखी एक झाकण ओतलं.

तेवढ्यात दार वाजलं आणि दमयंतीकाकू आत आल्या, मागून आभा, दोघी हळदीकुंकवाच्या साड्यांत आणि धापा टाकत. काकूंच्या हातात रिकामी बुटकी बाटली होती.

"कसलं हो तुमचं आगळ!" काकू म्हणाल्या. "नासलंय ते! अख्खी बाटली घंगाळात ओतून समया भिजवल्या, डाग तस्सा. घरभर कसला वास! आणि वात लावली तर समई भक्कन पेटली, निळी! हातभर! चाळीस बायका हात जोडून उभ्या. कुणीतरी आरती सुरू केली. दोघी-तिघी नवस बोलल्या. आता मी त्यांना काय सांगू?"

निनादने स्वतःच्या हातातली बाटली पाहिली. काकूंच्या हातातली पाहिली. आभाने अप्पांचा मग उचलला, एक घोट घेतला आणि तिचा चेहरा आधी लहान झाला, मग मोठा झाला.

"निनाद," ती म्हणाली, "हे आगळ आहे. तुम्ही दोघं अर्धा तास कॉफीत आगळ घालून पिताय."

काकू पुढे काय ऐकायला मिळतंय म्हणून सरसावल्या, पण आभाने त्यांना 'बायका खोळंबल्यात' म्हणून दारापर्यंत पोचवलं. गॅलरीत दोघं उरले. अप्पा ताठ बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली: आधी झिंग, मग हसू, मग रंग.

"म्हणजे मी," ते हळू आवाजात म्हणाले, "विनापरवाना पुरवठा केला. चाळीस महिलांना. समईमार्गे."

आभा परत आली. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. बोललेलं सगळं, उघडलेलं सगळं, आणि त्यातल्या एकाही शब्दाला रमचा आधार नाही; हे त्यांच्या मनात कुठेतरी पोचत होतं, आणि ते पोचलं की अप्पा आत जाऊन दार लावून घेणार, हे निनादला स्वच्छ दिसत होतं. सोमवार परवावर आला होता. चार वेळा थेंब, सहा आठवडे.

"आभा," अप्पा म्हणाले.

"हं?"

"निनादरावांना सांग—"

निनादने मान खाली घातली. गॅलरीत खरंच थंडी वाजायला लागली होती.

"काय सांगू?" आभाने विचारलं.

अप्पांनी एकदा कठड्याकडे पाहिलं. मग त्यांनी माकडटोपी कानांवर ओढली आणि उठले.

"काही नाही. मीच सांगतो." ते निनादकडे वळले. "अरे निनाद, परवाना आजचा आहे. वाया घालवायचा का? चप्पल घाल."

पावणेआठला करंजाड्याच्या रस्त्यावरून एक स्कूटर निघाली. मागे शाल पांघरलेले, माकडटोपीतले कमळाकरअप्पा, दोन्ही हात जावयाच्या खांद्यांवर.

"हळू. हळू म्हणतो ना! खड्डा दिसत नाही तुला? मोतीबिंदू मला आहे की तुला? अरे डावीकडे वळतोयस तर इंडिकेटर कुणी द्यायचा, आभाने? रिक्षाच्या मागून जा. मागून, गाढवा, मागून!"

दुकान दोन चौक सोडून उजव्या हाताला होतं. निनाद सरळ पुढे गेला आणि स्टेशनला वळसा घालणारा लांबचा रस्ता त्याने धरला.